ढगळ आवाज

आमच्या घरात जे कुरकुरायचं त्याला तेल मिळायचं. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, पाळण्याच्या कड्या, कुणाचीच सुटका नव्हती. एकदा मी फार भुणभुण लावली म्हणून दादांनी तेलाची कुपी माझ्या कानाकडे रोखून विचारलं होतं, "घालू का दोन थेंब?" दादा म्हणजे माझे वडील. जुन्या नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे दोन पायमशिनी, मागे चूल, मधे एक पडदा, आणि त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे आमचा सगळा संसार. दिवसभर पुढून मशीनचा खडखडाट आणि मागून मायच्या भाकरीची थाप. माय काटवटीत भाकरी थापायची. थाप, थाप, मग क्षणभर थांबून भाकरी फिरवायची, पुन्हा थाप. कॉलेजातून परतताना गल्लीच्या तोंडाशी तो आवाज कानावर आला की मायची तब्येत बरी आहे, घरात भांडण नाही, आणि भाजी रोजची आंबाडीची असली तरी भाकरी गरम आहे, एवढं सगळं मला न विचारता कळायचं.

माझा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, माझ्याहून बराच मोठा. हाताला शिवणकाम मानवेना म्हणून तो वायरमन झाला आणि कुणाच्या तरी ओळखीनं आखातात गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्यानं आमच्यासाठी एक कॅसेट डेक आणला. रुपेरी तोंडाचा, जड, पुढे दोन काचेच्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक सुई. आवाज आत गेला की सुया उभ्या राहून नाचायच्या. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. दिगूनं एक वायर आमच्या जुन्या रेडिओच्या पाठीत खुपसली आणि रेडिओच्या तोंडून डेक बोलायला लागला. एक माइकही होता. जायच्या आदल्या दिवशी दिगूनं मला बटणं समजावून दिली. दादांना दिली नाहीत, मायला दिली नाहीत, मला दिली. त्याचा मला किती माज आला होता ते आजही आठवतं, आणि खरं सांगायचं तर तो माज अजून पुरता उतरलेला नाही.

त्यानंतर आमच्या घरी पत्रं बंद झाली आणि कॅसेटी सुरू झाल्या. तीच कॅसेट जायची, तीच यायची. दिगू तिकडून बोलून पाठवायचा; आम्ही ऐकायचो, दोनदा, तीनदा, गल्लीला ऐकवायचो, आणि मग त्याच्याच आवाजावर आमचा आवाज भरून ती परत पोस्टात टाकायचो. घरात विकतची एक भजनाची कॅसेट होती. वरचं पुसलं जाऊ नये म्हणून विकतच्या कॅसेटच्या पाठीला भोक असतं; त्याला चिकटपट्टी लावून तीही या कामाला जुंपली. भजन पुसलं गेलं तेव्हा दादा म्हणाले, "देव समजून घेईल." आमच्या बाजूनं बोलणारे ठरलेले. दादा माइक ओठाला लावून "चिरंजीव दिगंबर यास अनेक आशीर्वाद" अशी थेट पत्राचीच सुरुवात करायचे आणि पुढे काय बोलावं ते न सुचून गल्लीतल्या नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायचे. शेजारच्या हमीदा खाला, म्हणजे हमीदा मावशी, प्रसूतीच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्या येऊन दुआ द्यायच्या आणि कुणाला मुलगा झाला, कुणाला मुलगी, ते कळवायच्या. माय मात्र एक शब्द बोलायची नाही. "डबड्यासंगं काय बोलू मी? त्याला का तोंड हाय?" म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. खंडेनवमीला शिंप्याच्या घरी जे घडतं ते आमच्याकडेही घडायचं. दोन्ही मशिनी खोलून पुसायच्या, तेल द्यायचं, मग कात्र्या, इस्त्री, पेचकस, सगळं पाटावर मांडायचं आणि हळद-कुंकू, झेंडूची फुलं. जुनी मापाची पट्टी त्याच दिवशी टाकून नवी घ्यायची, हा दादांचा नेम. कापडी पट्टी वर्षभरात ओढून ओढून ताणते, म्हणून. त्या वर्षी दादांनी डेकही उचलून मशिनींच्या रांगेत ठेवला. म्हणाले, "हे पण घरातलं यंत्रच हाय. त्याला कामून उपाशी ठेवायचं?" आणि कुपीची लांब सोंड कॅसेटच्या दारातून आत घालून त्यांनी त्याला पोटभर तेल पाजलं. वर कुंकू लावलं. मी तिथंच उभी होते, झेंडूची माळ हातात धरून, आणि मलाही ते अगदी योग्य वाटलं. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळं काय वाटणार?

दिवाळी उलटली आणि एका शनिवारी दिगूची कॅसेट आली. संध्याकाळी नेहमीसारखे सगळे जमले. खाला दवाखान्यातून थेट आल्या होत्या, पिशवीसकट. मायनं हात पुसले आणि पडद्याशी येऊन बसली. मी बटण दाबलं. आणि रेडिओतून जो आवाज आला तो दिगूचा होता आणि नव्हताही. जड. ओढलेला. एकेक शब्द चिखलातून पाय काढावा तसा बाहेर येत होता. "मा...य... क...शी... हा...यस..." मधेमधे काही कळतच नव्हतं. आणि मग एका जागी तो कण्हायला लागला. खोल, घशातून, थांबून थांबून. मी मायकडे पाहिलं. ती रेडिओकडे सरकत चालली होती.

आधी बोलल्या त्या खाला. त्यांनी आयुष्य दवाखान्यात काढलेलं, त्यांचा शब्द गल्लीत डॉक्टरच्या खालोखाल. त्या हळूच म्हणाल्या, "बच्चे की जबान भारी हो गई, बाई. फालिज में ऐसीच होती." फालिज म्हणजे अर्धांगवायू. मायनं तो शब्द ऐकला आणि पदर तोंडात कोंबला. तिकडे उन्हात कोसळला असेल, कुणी बघणारं नसेल, तरी आपल्याला काळजी नको म्हणून तशा जिभेनं बोलून राहिला, असं तिच्या मनानं घेतलं, आणि दुसरं काही तिला ऐकूच येईना. दिगूच्या कॅम्पावर फोन नव्हता. पत्राला महिना लागायचा.

दादा घाबरले तरी एकदम मान टाकणारे नव्हते. म्हणाले, "थांबा. आधी यंत्र तपासू." त्यांनी मला दुसरी कॅसेट घालायला लावली, माइक घेतला, खाकरले आणि "चिरंजीव दिगंबर यास" एवढं बोलले. मी ते परत लावलं. दादांचा आवाज स्वच्छ, जसाच्या तसा. त्यांनी खालांनाही बोलायला लावलं. खालांचा आवाजही बरोबर. दादांनी माइक खाली ठेवला. "यंत्र चांगलं हाय," ते म्हणाले, "पोरगंच बिघडलं." मी दादांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मैत्रिणीकडून गाण्याची एखादी कॅसेट आणून लावली असती तर क्षणात उलगडा झाला असता, हे आज कुणीही सांगेल. मी स्वतः पुढे लातूरला वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, आधी माहितीतलं लावून बघा, मग यंत्राला नावं ठेवा. पण भीती पुढच्या दारानं आत आली की अक्कल मागच्या दारानं जाते. त्या संध्याकाळी माय चुलीपुढे गेली नाही. मी कशाबशा चार भाकरी केल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत, आणि माझ्या भाकरी होत्याही तशाच.

तार करायचं ठरलं. तेव्हा अशा तारांचं एक ठरलेलं इंग्रजी होतं: मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. ठेकेदार दुसऱ्या कुठल्या कारणानं माणूस सोडायचा नाही. माय म्हणाली, "म्हणा मला सीरियस. मरायला टेकली म्हणा. पर पोरगं घरी आणा." आणि करार अर्ध्यावर सोडून आलेल्याला पुन्हा तिकडचं दार उघडत नाही, हे दादांना पक्कं ठाऊक होतं. दिगूनं मोठ्या मिनतवारीनं मिळवलेलं काम त्या चार शब्दांनी संपणार होतं. घरात इंग्रजी फक्त मला यायचं. सकाळी दादांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "लिही."

मी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. माझ्या डोक्यात रात्रभर एकच गोष्ट घोळत होती. ते कण्हणं. दिगूच्या कण्हण्याला एक चाल होती: तीन आचके, मग एक लांब, मग पुन्हा तीन. आणि ही चाल माझ्या ओळखीची होती. दिगू हसायचा तसा. आधी तीन ठसके, मग एक लांब हेल. कण्हणारा माणूस हसण्याच्या चालीत कशाला कण्हेल? पण मग दादांचा आवाज बरोबर कसा आला? त्यावर येऊन मी अडत होते. समोर दादा मांडीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या गळ्यात सवयीनं मापाची पट्टी लोंबत होती, खंडेनवमीला घेतलेली, नवी. मी त्या पट्टीकडे बघत राहिले आणि एकदम उठूनच उभी राहिले.

"दादा, आपली पट्टी ताणलेली असली, अन् त्याच पट्टीनं माप घेऊन त्याच पट्टीनं कापलं, तर सदरा बसंल का न्हाई?"

"बसंल की," दादा वैतागून म्हणाले. "चूक दोन्हीकडं सारखी. पर हे आत्ता कामून काढून राहिली?"

"अन् दुसऱ्या गावच्या शिंप्यानं मापं लिहून पाठवली, अन् आपण ती ताणल्या पट्टीनं कापली तर?"

"ढगळ होईल."

"मग तुमचा आवाज याच यंत्रानं घेतला, याच यंत्रानं ऐकवला. दिगूचं माप तिकडून आलंय. दादा, आपला दिगू न्हाई बिघडला. त्याचा आवाज ढगळ झाला. आपली पट्टी ताणलीय!"

दादांनी मान वर केली. त्यांना विजेचं काही कळत नव्हतं, पण ढगळ म्हणजे काय हे त्यांच्याइतकं नांदेडात कुणाला कळत नसेल. तरी जीव पोराचा होता. ते म्हणाले, "अन् तुझं खोटं ठरलं तर? एक दिवस वाया. तिकडं त्याचं काय होऊन राहिलं असंल..." मी म्हणाले, "दिवस मावळेपर्यंत थांबा. तोवर न्हाई झालं तर मी सोता जाऊन तार करते." माय पडद्यामागून म्हणाली, "करू दे तिला." कमल म्हणून हाक न मारता "तिला" म्हणाली, म्हणजे विश्वास बसला नव्हता, पण तेवढ्यानं माझं भागलं.

मी मशीनचा चपटा पेचकस घेतला आणि डेकच्या पाठीचे स्क्रू काढले. आत काय दिसेल याची मला धास्ती होती. झाकण उचललं आणि मला हसूच आलं. आत एक पायमशीनच होती! एका कोपऱ्यात मोटारीचं छोटं चाक, दुसरीकडे एक जड मोठं चाक, आणि दोघांना बांधणारा रबराचा पट्टा. दादांच्या मशीनला खालच्या चाकापासून वरच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा असतो, अगदी तसा. फक्त तो पट्टा तेलानं चिंब, फुगून लांब झालेला, आणि चाकावर नुसता घसरत होता. पट्ट्याला तेल लावायचं नाही, हा तर दादांचाच धडा. मी पाच-सहा वर्षांची असताना मशीनच्या पट्ट्याला तेल लावलं म्हणून त्यांनी मला धपाटा घातला होता. खंडेनवमीला त्यांना हा पट्टा दिसला असता तर कुपी मागे घेतली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. आखातातला आजार आमच्या पाटावरच सापडला.

दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी पट्ट्याला बोट लावलं, बोटावरचं तेल बघितलं. मग म्हणाले, "हे म्याच पाजलं." आणि स्वतःशीच मान हलवत पुढच्या खोलीत गेले.

खालांच्या पिशवीत स्पिरिटची बाटली असायची. मी मागितली तेव्हा त्या "मशीन को सुई लगाती क्या?" म्हणाल्या, पण बाटली दिली. मलमलच्या चिंध्या काडीला गुंडाळून मी चाकं पुसली, कॅसेटची फीत दाबून धरणारं रबराचं बोटभर चाक पुसलं, काळं पाणी निघेपर्यंत पुसलं. माय चुरमुऱ्याचं सुशीला, पोह्यांसारखं फोडणीचं, करून माझ्या बाजूला ठेवून गेली. ते गरम सुशीला आणि स्पिरिटचा वास, दोन्ही एकत्र माझ्या नाकात इतके बसलेत की आजही दवाखान्यात इंजेक्शन घेताना मला भूक लागते. सगळं स्वच्छ झालं, पण फुगलेला पट्टा काही आटेना. नवा पट्टा रविवारी नांदेडात कुठून मिळणार? मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणली आणि ब्लेडनं तिची एक चकती कापली, बांगडीसारखी. चढवली. दिगू बोलला, पण झुल्यावर बसून बोलावा तसा, एकदा जवळ, एकदा लांब. माझी बांगडी एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झाली होती. दुसरी कापली, तीही तशीच. उन्हं कलायला लागली होती.

तेव्हा दादा आत आले. त्यांच्या हातात कापडाची मोठी कात्री होती. ज्यांना शिंप्याचं घर माहीत नाही त्यांना हे सांगावं लागेल. त्या कात्रीनं कापडाशिवाय काही कापायचं नसतं. मी लहानपणी एकदा तिनं पतंगाचा कागद कापला तर दादा दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. कागदानं धार जाते, आणि रबर तर कागदाचा बाप. दादा खाली बसले. ट्यूब आडवी अंथरली, गळ्यातल्या पट्टीनं माप घेतलं, खडूनं दोन रेघा मारल्या, आणि एका दमात, न थांबता, कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. फिरवली, दुसरी रेघ. हातात एकसारखी, सुतासारखी सरळ बांगडी. मला देताना म्हणाले, "बघ. सदऱ्याची पट्टी अशीच कापतेत." कात्री त्यांनी पुसली आणि बाजूला ठेवली. धार गेली होतीच. दुसऱ्या दिवशी ती लावून आणली, पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत.

पट्टा बसला. चाक फिरलं. दिगूचा आवाज आला, सरळ, पण अजून किंचित खाली. मोटारीच्या पाठीत एक बारीक भोक होतं आणि आत एक एवढासा स्क्रू. तो फिरवला की वेग बदलतो, हे मला फिरवून बघितल्यावर कळलं. पण कुठवर फिरवायचा? बरोबर वेग कोणता, हे सांगायला घरात काहीच नव्हतं. मी मायला हाक मारली. "माय, इकडं ये. डोळे मीट. तुझा दिगू आला की सांग."

माय डेकसमोर बसली, डोळे मिटले. मी स्क्रू फिरवत गेले. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई... आजून जड हाय... आत्ता जरा... आगं, हे तर पोट्टं झालं! शाळंतलं! मागं घे..." मी मागे घेतला. केसभर. "हां. थांब. हलू नको." तिनं डोळे उघडले. "ह्यो दिगू."

मी कॅसेट पहिल्यापासून लावली. तरतरीत, दांडगा आवाज: "माय! कशी हायस? मी लई मजेत हाय." आणि मग कॅम्पातल्या स्वयंपाक्याच्या भाताची नक्कल. आदल्या दिवशीचं ते कण्हणं आलं, तेव्हा तो पोट धरून हसत होता. तीन ठसके आणि एक लांब हेल. दादा हसले. खाला दारातूनच "या अल्लाह, और मैं फालिज बोली!" म्हणून कपाळावर हात मारत आत आल्या. शेवटी आदल्या दिवशी कुणालाच न कळलेलं वाक्य आलं. "माय, तू बोलत न्हाईस तर नको बोलू. पर एक कर. भाकरी थापती ना, तो आवाज पाठव. इथं समदं हाय, तेवढा आवाज न्हाई."

माय उठली. चुलीपुढे गेली, पीठ घेतलं, काटवट ओढली. मी माइक घेऊन तिच्याजवळ बसले. थाप, थाप, सळ, थाप. खिडकीतल्या सुया प्रत्येक थापेला उभ्या राहत होत्या. तारेच्या त्या कोऱ्या कागदाचं दादांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. पण दिगूची ती कॅसेट मायनं पुसू दिली नाही. "ही जाणार न्हाई. ही माझी हाय. दुसरी आणा," म्हणाली. भाकरीचा आवाज भजनाच्या कॅसेटवर गेला. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून दिगूचा तरुणपणचा आवाज वाचला तो एवढाच.

त्या वर्षी मी बारावी झाले आणि लातूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेले. त्याआधी "पोरगी एकटी परगावी?" म्हणणारे दादा स्वतः माझी पेटी उचलून एसटीत बसले. वाटेत लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "पोरीनं तार वाचवली." त्याला काही कळलं नाही. दादांनाही सविस्तर सांगायचं नव्हतं. मी लातूरचीच झाले; तिथं शिकले, तिथं शिकवलं, तिथं निवृत्त झाले.

डेक माझ्याकडे आला तो माय गेल्यावर, तिच्या त्या कॅसेटीसकट. माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला होता, आणि खरं तर विसरले होते. यंदा उन्हाळ्यात तो काढला. कारण सांगते. दिगूला अर्धांगवायू झाला. नांदेडला मुलाकडे असतो तो. हात आता हलतो, पाय ओढत चालतो, पण जीभ जड राहिली. मी भेटायला गेले, त्यानं "क...मे..." म्हणून हाक मारली, आणि मी दारातच थिजले. हा आवाज मी ऐकला होता. शनिवारी संध्याकाळी, रेडिओतून, सतरा-अठरा वर्षांची असताना, आणि तो खोटा आहे हे मी पेचकस घेऊन सिद्ध केलं होतं. फार रडले मी त्या दिवशी, परतीच्या गाडीत.

मग लातूरला येऊन डेक जेवणाच्या टेबलावर घेतला. रडून झालं की माझे हात काम मागतात, हा माझा जुना स्वभाव. झाकण उघडलं. ट्यूबचा पट्टा वाळून तडकला होता, पण चाकावर होता. एक पांढरं दातेरी चाक फुटलं होतं, दोन-तीन कपॅसिटर फुगले होते. आता मोजून-मापून केलेले पट्टे कुरिअरनं घरी येतात. सगळं बदललं, स्पिरिटनं पुसलं, सुशीला करून खाल्लं. मग फोनवरच्या अ‍ॅपनं वेग तपासला. अ‍ॅप म्हणालं, यंत्र किंचित जलद चालतंय. मी पेचकस मोटारीच्या त्या भोकाशी नेला आणि मागे घेतला. मायनं आपला मुलगा जरा जास्तच तरतरीत लावून घेतला होता. तो स्क्रू मी हलवलेला नाही, कुणाला हलवू देणारही नाही.

डेक मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेले. दिगूच्या पलंगाशेजारी मांडला, एक छोटा स्पीकर जोडला, कॅसेट घातली. "माय! कशी हायस? मी लई मजेत हाय." दिगू उशीला टेकून ऐकत होता. भाताची नक्कल आली, हसणं आलं, भाकरीचं वाक्य आलं. कॅसेट संपली तरी तो डेककडेच बघत होता. त्याचा मुलगा म्हणाला, "आत्या, बंद करा, त्यांना त्रास होईल." मी नाही केलं. दिगूच्या ओठांची जुळवाजुळव चालली होती, ती मला दिसत होती. त्यानं बरा हात उचलला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि एकेक शब्द बाहेर काढला.

"कमे... माझा... पट्टा... बदल."

आणि तो हसला. जड, ओढलेलं, खोल. कुणी परक्यानं ऐकलं असतं तर कण्हतोय म्हटलं असतं. पण तीन ठसके होते, आणि मग एक लांब हेल.

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "बदलते की. स्पिरिट हाय माझ्याकडं. पर आधी माप घेऊ दे." माइक त्याच्या हातात दिला, कोरी कॅसेट घातली. डॉक्टरांनी रोज बोलायला लावा म्हणून सांगितलंच होतं. "बोल," म्हटलं. "रोज बोलायचं. पुढच्या महिन्यात आजचं लावून बघू, किती ढगळ होतं ते."

दिगूनं माइक ओठाला लावला. श्वास घेतला. मी बटण दाबलं, आणि खिडकीतल्या दोन्ही सुया उभ्या राहिल्या.